घरगुती बॅटरी, कायदा आणि हिशेबाचा वर्ग : संशोधकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायदा, लेखाशिक्षण आणि घरगुती वीजसाठवण असा तिपेडी विषय प्रबंधाला किंवा शोधनिबंधाला घेतलेल्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट-तास. पैशाचे आकडे कोणत्याही चलनात वाचावेत. ते फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत.

1. या तीन विषयांचा एकमेकांशी संबंध काय? ओढूनताणून जोडल्यासारखं वाटणार नाही का?

भिंतीवर टांगलेली एकच बॅटरी घ्या. वकिलाला त्यात विक्रीचा करार आणि वॉरंटी दिसते, हिशेबनीसाला घसारा, म्हणजे वस्तूची किंमत वापराच्या वर्षांवर वाटून दाखवलेला खर्च दिसतो, अभियंत्याला सेल दिसतात. तिघेही 'आयुष्य' हा एकच शब्द वापरतात आणि तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. अभियंत्याच्या लेखी मूळ क्षमता उतरून 70 ते 80 टक्क्यांवर आली की बॅटरीचं आयुष्य संपलं. वकिलाच्या लेखी दावा करण्याची मुदत सरली की संपलं. हिशेबनिसाच्या लेखी ती मालमत्ता जितका काळ वापरायची अपेक्षा आहे तितकं उपयुक्त आयुष्य. वॉरंटी 10 वर्षांची, सेल 13 वर्षं टिकणारे आणि घसारा 8 वर्षांत पूर्ण, असं एकाच बॅटरीबाबत घडू शकतं आणि तिघांपैकी कोणीच चुकलेलं नसतं. या तीन आकड्यांमधल्या फटीत तुमचा विषय आहे.

ओढाताण आहे की नाही याची एक सोपी कसोटी आहे. कायद्याचं प्रकरण काढून टाका. हिशेबाच्या प्रकरणातला एकही आकडा हलला नाही, तर तुम्ही एका मुखपृष्ठात दोन निबंध बांधले आहेत.

2. संशोधन-प्रश्न किती मोठा असावा?

एक दस्तऐवज, एक निर्णय, एक गट. 'घरगुती वीजसाठवणीचे कायदेशीर व आर्थिक पैलू : एक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ती कपाटाची पाटी झाली. त्याऐवजी असं विचारा : वॉरंटीतलं एकूण विजेच्या मर्यादेचं कलम (इतकी वीज बाहेर पडली की वॉरंटी संपली) आधी वाचायला दिलं, तर लेखाशास्त्राचे विद्यार्थी घसाऱ्याची पद्धत वेगळी निवडतात का? इथे दस्तऐवज वॉरंटीचा आहे, निर्णय पद्धतीचा आहे आणि गट विद्यार्थ्यांचा. तिन्ही शाखा आल्या आणि दोन वर्षांत काम उरकेल.

3. मी कायद्याची / वाणिज्य शाखेची. बॅटरीचं तांत्रिक ज्ञान किती लागेल?

माहितीपत्रक वाचून त्यातल्या आकड्याला प्रश्न विचारता यावेत इतकं. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी जातीच्या एका सेलचा नाममात्र दाब 3.2 व्होल्ट. असे 16 सेल एकापुढे एक जोडले की 51.2 व्होल्ट, आणि 100 अँपिअर-तासाचे सेल असतील तर 5.12 युनिट. पेटीवर हाच आकडा छापलेला असतो. पण पूर्ण रिकामी करू नये म्हणून 90 टक्केच वापरायची मुभा असेल तर 4.61 युनिट उरतात. त्यातून इन्व्हर्टरने 6 टक्के खाल्ले की घरातल्या प्लगपर्यंत पोचतात 4.33. छापील आकड्यात आणि हाती येणाऱ्या आकड्यात 15 टक्क्यांची तफावत, आणि अजून बॅटरी जुनी झालेलीच नाही. करारात 'क्षमता' हा शब्द आला की यांपैकी कोणती, हे आधी विचारा.

दोन गोष्टी आणखी पक्क्या करा. किलोवॉट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे बादली. 5 युनिटची बॅटरी 2.5 किलोवॉटच देऊ शकत असेल, तर ती भरलेली असूनही 4 किलोवॉटचा भार उचलणार नाही. दुसरं, बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली ठेवणं या दोन्हींनी झीज वाढते. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर ऋण टोकावर धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून वॉरंटीत तापमानाची अट असते. ती वाचून सोडून देण्यासारखी नाही.

4. आधीचं साहित्य कुठे शोधावं?

कायद्यासाठी हाइनऑनलाइन आणि एसएसआरएन, अभियांत्रिकीसाठी आयट्रिपलई एक्सप्लोअर, लेखाशिक्षणासाठी एब्स्को आणि स्कोपस. अडचण शब्दांची येते. अभियंते 'बेस' (BESS, बॅटरी-साठवण प्रणाली) म्हणतात, कायद्याचे लोक 'वितरित ऊर्जास्रोत' किंवा 'प्रोझ्यूमर' (वीज वापरणारा आणि बनवणाराही) म्हणतात, आणि लेखाशिक्षणात बॅटरी हा शब्दच सहसा सापडत नाही. तिथे 'शाश्वतता', 'केस-पद्धत' (एखादा प्रसंग देऊन वर्गात निर्णय घ्यायला लावणं), 'व्यावसायिक विवेक' असे शब्द टाकावे लागतात. प्रत्येक शाखेची शब्दसूची वेगळी करा आणि कोणत्या तारखेला कोणता शोध टाकला त्याची नोंद ठेवा. परीक्षक तीच आधी मागतात.

5. बॅटरीची क्षमता आम्हीच मोजू शकतो का? ॲपवर 'आरोग्य 97 टक्के' दिसतं, तेच घेतलं तर?

ॲपवरचा आकडा मोजलेला नसतो, गणितानं अंदाजलेला असतो. एलएफपीचा दाब साधारण 20 ते 90 टक्के चार्जच्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे दाबावरून चार्ज ओळखता येत नाही. बॅटरीच्या आतली व्यवस्थापन-प्रणाली आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत राहते आणि चूक साचत जाते. बॅटरी कित्येक आठवडे पूर्ण भरलीच नसेल, तर हा अंदाज बराच भरकटतो.

स्वतः मोजायचं तर असं करा. बॅटरी पूर्ण भरा, तासभर विसावू द्या, मग स्थिर भारावर ती स्वतःहून बंद पडेपर्यंत रिकामी करा. भार क्षमतेच्या एक-पंचमांश ठेवा, म्हणजे 5.12 युनिटच्या बॅटरीला सुमारे 1 किलोवॉट आणि वेळ साधारण पाच तास. हीटर चालेल, थर्मोस्टॅटवर चालू-बंद होणारी वस्तू मात्र नको. खोलीचं तापमान 25 अंशांच्या आसपास राखा आणि दर चाचणीला लिहून ठेवा. तीनदा करा.

सर्वात जास्त चुकणारी गोष्ट : इन्व्हर्टर स्वतःच 30 ते 50 वॉट खातो. पाच तासांत ते 0.15 ते 0.25 युनिट होतात, म्हणजे तुम्हाला जी झीज शोधायची आहे तिच्याच मापाची ही चूक. भाराशिवाय इन्व्हर्टर चालू ठेवून हा खर्च वेगळा मोजा आणि चाचणीत आलेल्या आकड्यात मिळवा. पेटी उघडू नका. दाब 51 व्होल्टच असला तरी शॉर्ट-सर्किटचा प्रवाह हजारो अँपिअरमध्ये जातो. पाना वितळतो, आणि वॉरंटीही जाते.

6. वॉरंटीवर '10 वर्षे' स्पष्ट लिहिलंय. मग वाद कशाचा?

त्याच ओळीत पुढे बहुधा लिहिलेलं असतं : 'किंवा एकूण इतकी वीज बाहेर पडेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते'. समजा वापरण्याजोगी क्षमता 10 युनिट आहे, रोज एक पूर्ण फेरी (एकदा भरणं, एकदा रिकामी करणं) होते आणि क्षमता दरवर्षी मूळच्या 3 टक्क्यांनी सरळ रेषेत घटते. दहा वर्षांत बाहेर पडेल सुमारे 31,000 युनिट. वॉरंटीची मर्यादा 25,000 युनिटची असेल तर ती पावणेआठ वर्षांतच संपते. मर्यादा 30,000 असती तर 9.6 वर्षं मिळाली असती. कागदावर दोन्हींना '10 वर्षे' म्हणतात.

आणखी तीन शब्द तपासा. मर्यादेची वीज कुठे मोजायची, बॅटरीच्या टोकाला की इन्व्हर्टरनंतर? '70 टक्के क्षमता' नाममात्र आकड्याच्या की वापरण्याजोग्या? आणि मोजणारा कोण, ग्राहक की उत्पादकाचं सॉफ्टवेअर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी उत्पादकाच्या बाजूनं असतं. दावा ज्याच्याविरुद्ध करायचा, त्याचा पुरावाही त्याच पक्षाच्या हाती असणं हा कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र प्रकरणाचा ऐवज आहे.

7. मग घसारा कोणत्या पद्धतीनं काढावा?

घर चालवणारा माणूस घसारा काढत नाही, हे आधी मान्य करा. प्रश्न येतो तो बॅटरी भाड्यानं देणाऱ्या संस्थेचा, किंवा वर्गातल्या केसचा. आयएएस 16 हे आंतरराष्ट्रीय हिशेब-मानक (पुढे येणारी आयएएस आणि आयएफआरएस हीही अशीच मानकं) म्हणतं की मालमत्तेचे लाभ जसे खर्ची पडतात तसा घसारा असावा. समान हप्त्यांची पद्धतही चालते आणि उत्पादन-एककांचीही, म्हणजे जितकं उत्पादन तितका घसारा. मिळकतीच्या प्रमाणात घसारा काढायला मात्र मनाई आहे.

प्रश्न 6 मधलीच बॅटरी घ्या. किंमत 300, अवशिष्ट मूल्य (वापर संपल्यावर उरणारी किंमत) शून्य. पहिल्या वर्षी बाहेर पडली 3,595 युनिट.

दहा समान हप्ते धरले तर पहिल्या वर्षाचा घसारा 30. वॉरंटीतली 25,000 युनिटची मर्यादा हेच एकूण उत्पादन मानलं तर 43. क्षमता 60 टक्क्यांवर येईपर्यंत बॅटरी वापरायची असं ठरवलं, म्हणजे एकूण सुमारे 38,900 युनिट, तर 28. बॅटरी एक, वर्ष एक, आकडे तीन.

यात फसवा आहे तो मधला 43. वॉरंटीची मर्यादा म्हणजे उपयुक्त आयुष्य नव्हे. विकणाऱ्याला किती जोखीम घ्यायची होती याची ती खूण आहे. पुरावा म्हणून तिचा आधार घ्या, उत्तर म्हणून नको. वर्गात मात्र याच आकड्यावर विद्यार्थी सर्वात जास्त अडकतात, कारण तो छापील असतो. इन्व्हर्टर आणि सेल यांचं आयुष्य वेगळं असल्यानं त्यांचा घसारा घटकवार काढावा, हेही बरेच जण विसरतात.

8. विकणाऱ्याच्या वहीत वॉरंटी कुठे बसते?

विक्रीच्या मिळकतीवरच्या आयएफआरएस 15 मध्ये वॉरंटी दोन प्रकारची. माल करारानुसार आहे एवढीच हमी असेल तर तिच्यासाठी आयएएस 37 खाली तरतूद करायची, म्हणजे संभाव्य खर्च आधीच वहीत धरायचा. त्यापलीकडे सेवा दिली जात असेल तर ती वेगळी जबाबदारी, तिची मिळकत मुदतभर विभागायची. फरक ओळखायला जी लक्षणं दिली आहेत त्यांतलं पहिलंच कायद्याचं आहे : हमी कायद्यानंच सक्तीची असेल तर ती सहसा वेगळी जबाबदारी धरत नाहीत. दुसरं लक्षण मुदतीचं. ती जितकी लांब, तितकी सेवा असण्याची शक्यता जास्त. कायद्यानं दोन वर्षांची हमी सक्तीची आणि उत्पादक देतो दहा, तर वरच्या आठ वर्षांचं काय? यावर एका वर्गात दोन गट पडले नाहीत तर केस नीट लिहिलेली नाही.

9. बॅटरीमुळे झालेली बचत कशी मोजायची?

बहुतेक निबंध इथेच घसरतात. बॅटरीतून वापरलेलं प्रत्येक युनिट गुणिले विजेचा दर, असा हिशेब मांडला जातो. तो चूक आहे, कारण बॅटरी नसती तर घराच्या सौर पॅनलची तीच वीज ग्रिडला, म्हणजे वीजकंपनीच्या जाळ्याला, विकली गेली असती.

विकत घेण्याचा दर 8, विकण्याचा दर 3, येण्या-जाण्याची कार्यक्षमता 88 टक्के धरा. एक युनिट बाहेर काढायला 1.136 युनिट आत टाकावे लागतात. ते विकले असते तर 3.41 मिळाले असते. म्हणजे खरी बचत 8 वजा 3.41, म्हणजे 4.59. परतफेडीचा काळ 8 च्या हिशेबानं काढला असेल तर तो जवळपास पावणेदोनपट लांबवावा लागेल. आणि नेट मीटरिंगमध्ये (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याची पद्धत) विकण्याचा दरही 8 च असेल तर? मग प्रत्येक युनिटमागे 1.09 चं नुकसान आहे. तिथे बॅटरीची किंमत फक्त वीज गेल्यावर कळते. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असतील तर हा हिशेब तासातासाला मांडावा लागतो, सरासरी दर घेऊन भागत नाही. सौर पॅनलची बचत बॅटरीच्या खात्यावर टाकू नका.

10. मीटरची माहिती मिळाली, पण आकडे जुळत नाहीत. सुरुवात कुठून करू?

ताळेबंदापासून. हिशेबाच्या विद्यार्थ्याला हे काम अभियंत्यापेक्षा चांगलं जमतं. प्रत्येक दिवसासाठी : सौरवीज + ग्रिडमधून आलेली + बॅटरीतून निघालेली = घराचा वापर + ग्रिडला दिलेली + बॅटरीत भरलेली + गळती. फरक 5 टक्क्यांच्या वर गेला की थांबा आणि शोधा.

नेहमीचे दोषी हे. पंधरा मिनिटांच्या नोंदींतले किलोवॉट तसेच बेरजेत घेतले, तर उत्तर चौपट येतं. 2 किलोवॉट पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट. बॅटरीच्या आकड्याचं चिन्ह काही यंत्रांत चार्जिंगला धन असतं, काहींत ऋण. प्रवाह मोजणारी सीटी (तारेभोवती बसवायची कडी) उलटी बसली असेल तर रात्री बारा वाजता घर ग्रिडला वीज विकताना दिसतं. इन्व्हर्टरचं घड्याळ आणि मीटरचं घड्याळ वेगळं असेल तर दुपारचा सूर्य एका तक्त्यात बाराला आणि दुसऱ्यात साडेबाराला माथ्यावर येतो. आणि रिकाम्या नोंदी : त्या शून्य नाहीत, रिकाम्या आहेत. शून्य भरलंत तर त्या दिवशी घर बंद होतं असा निष्कर्ष निघेल.

11. विजेच्या वापराच्या आकड्यांत खासगी असं काय असतं?

घर कधी जागं होतं, कधी रिकामं असतं, रात्री कोणी उठतं का. पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून दिनक्रम कळतो. सेकंदा-सेकंदाच्या नोंदींवरून कोणतं उपकरण चालू झालं हेही ओळखता येतं. हे तंत्र नवं नाही, जॉर्ज हार्ट यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख 1992 चा आहे. बॅटरी घराचा वापर थोडा झाकते, पण बॅटरीच्या स्वतःच्या नोंदी जोडल्या की झाकण निघतं.

ग्राहक क्रमांक खोडला म्हणजे माहिती निनावी झाली असं होत नाही. क्रमांकाची किल्ली वेगळ्या फाइलीत, वेगळ्या माणसाकडे ठेवा. प्रकाशित करताना तासाभराच्या किंवा दिवसाच्या बेरजा द्या. गटात फार थोडी घरं असतील तर सरासरीही देऊ नका. संमतीपत्रात 'विजेचा वापर' एवढंच न लिहिता नोंदींचं अंतर लिहा. पंधरा मिनिटांना दिलेली संमती एका सेकंदाला लागू होत नाही.

12. वर्गातल्या प्रयोगाला विद्यार्थी किती लागतील?

दोन गट, मध्यम परिणाम म्हणजे कोहेन यांचा डी (गटांतल्या फरकाचं माप) 0.5, सार्थकता पातळी 0.05, शक्ती (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के : प्रत्येक गटात 64, एकूण 128. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो विद्यार्थी एकेकटे विभागले तरच लागू. आपल्याकडे येणाऱ्या आराखड्यांत मात्र अख्ख्या तुकडीला केस दिलेली असते आणि दुसऱ्या तुकडीला नेहमीचा पाठ. एका तुकडीतले विद्यार्थी एकमेकांसारखे असतात. तेच शिक्षक, तीच वेळ. तुकडीत 30 जण आणि अंतर्गत साम्य 0.05 असेल तर 1 + 29 × 0.05, म्हणजे 2.45 नं गुणावं लागतं. 128 चे झाले 314, म्हणजे अकरा तुकड्या. दोनच तुकड्या असतील तर परिणाम केसचा की शिक्षकाचा, हे कोणत्याही सूत्रानं वेगळं काढता येत नाही. अशा वेळी अभ्यास 'प्राथमिक' म्हणा आणि मुलाखती वाढवा. त्यात कमीपणा नाही.

13. प्रयोगात माझेच विद्यार्थी आहेत. चालेल का?

चालतं, पण गुण देणाऱ्यानं संमती मागू नये. संमतीपत्रं त्रयस्थानं गोळा करावीत, पाकीट बंद करावं आणि निकाल लागेपर्यंत तुम्ही ते उघडू नये. केस सर्वांनाच शिकवली जाईल. नकार देणाऱ्याची फक्त उत्तरपत्रिका संशोधनात येणार नाही. दुसऱ्या गटाला तीच केस सत्राच्या शेवटी द्या. नीतिसमितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी लागते. नंतर मागितलेली मंजुरी सहसा मिळत नाही आणि मिळाली तरी नियतकालिक तारखा तपासतं.

14. वॉरंटीची पन्नास-शंभर कलमं मी वाचून वर्गीकरण केलं. एवढं पुरेल का?

कायद्याच्या मांडणीला पुरेल, आकडे काढायचे तर पुरणार नाही. दुसऱ्या कोणीतरी तीच कलमं तुमचं वर्गीकरण न पाहता वाचली पाहिजेत. आणि जुळणीची टक्केवारी देऊ नका, ती फसवते. शंभर कलमांपैकी 90 वर दोघांचं एकमत झालं, पण दोघांनीही 90 टक्के कलमांना 'ग्राहकाविरुद्ध' असंच म्हटलं असेल, तर निव्वळ योगायोगानं 82 टक्के जुळणी झालीच असती. योगायोग वजा करून जुळणी मोजणारा कॅपा येतो 0.44, म्हणजे बेताचाच. असं झालं तर बहुधा वर्गाची व्याख्या सैल असते. मतभेद झालेली कलमं समोरासमोर बसून वाचा, व्याख्या बदला, आणि नवी कलमं घेऊन पुन्हा मोजा. जुन्याच कलमांवर पुन्हा मोजलेला कॅपा हा पाठांतराचा कॅपा.

15. बॅटरी घरात आहे, पण कंपनी ती दूरून चालवते. मग ती कोणाची?

तीन प्रश्न आहेत, ते मिसळू नका.

मालकी कराराच्या भाषेवर ठरते. पैसे फिटेपर्यंत मालकी राखून ठेवलेली असू शकते. ती घराचा भाग झाली का, हा दुसरा. इंग्लिश परंपरेच्या कायद्यात किती घट्ट बसवली आणि कशासाठी बसवली, हे दोन्ही पाहतात. घर विकताना किंवा गहाण टाकताना हा वाद उठतो, आणि चार बोल्टवर टांगलेली पण घराच्या मुख्य वायरिंगला जोडलेली बॅटरी दोन्ही बाजूंनी वाद घालण्याजोगी आहे.

तिसरा प्रश्न हिशेबाचा : हा भाडेपट्टा आहे का? भाडेपट्ट्यांवरचं आयएफआरएस 16 मालकी विचारत नाही, ताबा विचारतं. वापराचे जवळजवळ सर्व आर्थिक लाभ कोणाला, आणि वापर कसा व कशासाठी हे कोण ठरवतं? कंपनी हव्या त्या वेळी बॅटरी रिकामी करून वीज ग्रिडला विकत असेल आणि घरमालकाला फक्त वीज गेल्यावरची 20 टक्के राखीव मिळत असेल, तर घरमालक भाडेकरू आहे असं म्हणणं कठीण. उलट बॅटरी घरमालकाच्या मालकीची आणि चालवणारी कंपनी असेल, तर कंपनीच भाडेकरू ठरते का, हे तपासावं लागतं. भाडेकरू म्हणताच पट्ट्याचं दायित्व कंपनीच्या ताळेबंदात येतं, म्हणून करार लिहिणारे या वाक्यांवर फार घाम गाळतात. 'कंपनी बॅटरी कधीही बदलू शकेल' हे कलमही तपासा. बदलणं प्रत्यक्षात शक्य आणि कंपनीला फायद्याचं नसेल, तर ते कलम हिशेबाला मोजत नाही.

16. घरातल्या बॅटरीला कायद्यात 'औद्योगिक' का म्हटलंय? भाषांतराची चूक आहे का?

चूक नाही. युरोपीय संघाच्या 2023/1542 या बॅटरी-नियमनाच्या प्रास्ताविकात घरगुती साठवणीच्या बॅटऱ्या औद्योगिक वर्गात धरल्या आहेत. परिणाम मोठा आहे : 2 युनिटपेक्षा जास्त क्षमतेच्या औद्योगिक बॅटरीला 18 फेब्रुवारी 2027 पासून डिजिटल पासपोर्ट (बॅटरीची माहिती असलेली इलेक्ट्रॉनिक नोंद) लागेल, म्हणजे घरातल्या बहुतेक बॅटऱ्या त्यात येतील. शिवाय स्थिर साठवणीच्या बॅटरीचं आरोग्य ठरवणारी माहिती व्यवस्थापन-प्रणालीत अद्ययावत असावी आणि कायदेशीर खरेदीदाराला ती वाचता यावी, ही अट 18 ऑगस्ट 2024 पासून आहे. प्रश्न 6 मधल्या 'मोजणारा कोण' या तक्रारीला कायद्यानं दिलेलं हे अर्धं उत्तर : आकडा दिसेल, पण तो काढणारं गणित उत्पादकाचंच. 'औद्योगिक' हा शब्द शोधात टाकला नाहीत तर हा सगळा भाग तुमच्या नजरेतून सुटतो.

17. सॉफ्टवेअर अपडेट आला आणि वापरण्याजोगी क्षमता कमी झाली. हे कोणत्या शाखेचं प्रकरण?

तिन्हींचं, आणि वर्गासाठी याहून चांगली केस मिळणं अवघड. आगीची जोखीम लक्षात आल्यावर माल परत बोलावताना कमाल चार्ज दूरून घटवल्याचे प्रसंग घडले आहेत. 10 युनिटच्या बॅटरीवर 75 टक्क्यांची टोपी घातली की तळाची 10 टक्के राखीव सोडून 6.5 युनिट उरतात.

अभियंता म्हणेल, सेल शाबूत आहेत, उलट कमी भरल्यानं जास्त टिकतील. वकील विचारेल, माल कराराप्रमाणे राहिला का? युरोपीय निर्देश 2019/771 मध्ये डिजिटल घटक असलेल्या वस्तूंना अपडेटसह करारानुरूपतेची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. हिशेबनीस आयएएस 36 उघडेल : वापरात प्रतिकूल बदल झाला, म्हणजे मूल्यऱ्हासाची चाचणी घ्यायची (मालमत्ता वहीतल्या किमतीइतकी अजून मोलाची आहे का). टोपी तात्पुरती असेल तर? तिथे घाईनं ऱ्हास नोंदवणारे विद्यार्थी आणि काहीच न नोंदवणारे विद्यार्थी असे दोन ढीग पडतात; दोघांनीही पत्रातली 'पुढील सूचनेपर्यंत' ही ओळ वाचलेली नसते. केसमध्ये कंपनीचं पत्र जसंच्या तसं द्या, सारांश देऊ नका.

18. संदर्भशैली आणि लेखकांचा क्रम?

शैली नियतकालिकाची, तुमच्या शाखेची नव्हे. एपीए (समाजशास्त्रांत रूढ संदर्भशैली) मागणारं नियतकालिक असेल तरी निवाडे आणि कायदे एपीएमध्येही ब्लूबुक या अमेरिकी कायदे-संदर्भशैलीच्या वळणानं येतात, हे लक्षात ठेवा. लेखकक्रम सुरुवातीलाच लिहून ठरवा. कायद्यात एकट्यानं लिहिण्याची सवय असते, प्रयोगशाळेत सगळ्यांची नावं जातात, आणि भांडण याच दोन सवयींत होतं. क्रेडिट (CRediT) या, कोणत्या लेखकानं काय काम केलं ते नोंदवण्याच्या पद्धतीत भूमिकांचे 14 प्रकार आहेत, ते भरून ठेवले की अर्धा वाद मिटतो.

19. परीक्षक एकाच शाखेचे असतील तर?

पहिल्या प्रकरणाआधी एक पान शब्दार्थाचं घाला. आयुष्य, क्षमता, हमी, ताबा, बचत : पाच शब्द, प्रत्येकाचे तीन स्तंभ, आणि प्रबंधात तो शब्द कोणत्या अर्थानं वापरला आहे याची खूण. तो शब्द दुसऱ्या अर्थानं कुठे आला असेल तर तिथे विशेषण जोडा : 'वॉरंटी-आयुष्य', 'घसारा-आयुष्य', 'सेल-आयुष्य'. तोंडी परीक्षेला हेच पान छापून घेऊन जा.